सात नंबरचा पोर्ट

माझा राग लवकर चढतो आणि उतरायला वेळ घेतो. नेटवर्कच्या कामात ही खोड वाईट, कारण मशीनवर ओरडून काही होत नाही. मग ओरडायला माणूस शोधला जातो. मुरबाडहून धसईकडे जाताना एक लहानसं खासगी हॉस्पिटल आहे. तिथे मी असा माणूस शोधला होता.

तिथल्या जुन्या एक्स-रे मशीनचे फोटो कल्याणच्या डॉक्टरांकडे जायचे आणि तिकडून रिपोर्ट यायचा. मध्ये मी एक नेटवर्क स्विच बसवला होता. लांबट काळा डबा, त्यात ओळीने चोवीस पोर्ट, एकेका पोर्टात एकेका कॉम्प्युटरची केबल. नवे कॉम्प्युटर आणि डबा वेग आपापसात ठरवून घेतात. एक्स-रेच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला ते जमत नव्हतं, म्हणून मी लॅपटॉपवर डब्याचं सेटिंगचं पान उघडून सात नंबरच्या पोर्टचा वेग स्वतः ठरवून दिला. फोटो गेला. मी चहा घेतला आणि स्कूटरने किन्हवलीला घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला एक्स-रे काढणाऱ्या भाऊंचा फोन. "मॅडम, फोटो जात नाय."

जाऊन पाहिलं तर सात नंबरची सेटिंग पुसली जाऊन पहिल्यासारखी झाली होती. पुन्हा केली. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. जाण्यायेण्यात अर्धा दिवस मोडतो, आणि त्या रस्त्याबद्दल मी न बोललेलंच बरं.

तिसऱ्या खेपेला, शनिवारी, मला डब्याशेजारी नारळाच्या हिरांचा झाडू टेकवलेला दिसला. डब्याला मागे एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दाबलं की सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. हिराची काडीही त्यात जाऊ शकते, असं माझ्या डोक्यात आलं आणि पक्कं बसलं. सफाईच्या मावशी बाहेर फरशी पुसत होत्या.

"मावशी, त्या डब्यामागे झाडू घालता ना तुम्ही?"

"नाय गो बाय. मी खालून झाडते. डब्याला माझा हात पण नाय लागत."

मी ऐकून घेतलं नाही. चारचौघांत त्यांना दोन शब्द सुनावले आणि कामाच्या अहवालात लिहिलं, 'सफाई कर्मचाऱ्याने यंत्राला हात लावल्यामुळे बिघाड.' खाली झोकात सही केली.

सोमवारी परत भाऊंचा फोन. गेले, तर फरशी कोणी पुसलेली नव्हती.

"मावशी कुठे आहेत?"

"त्यांना शनिवारीच काढलं ना, तुमच्या रिपोर्टवर."

मावशी नाहीत, झाडू नाही, तरी सेटिंग गेलीच होती. मी डब्याचं पान नीट वाचायला घेतलं. वर लिहिलं होतं, डबा चालू होऊन एक तास अठ्ठावीस मिनिटं.

"भाऊ, सकाळी वीज गेली होती का?"

"नाय. मेन नऊला आमीच चालू केला. एकदा वीज पडून मशीन जळली, तवापासून आमी संध्याकाळी या खोलीचा मेन पाडूनच जातो."

यात नवल काहीच नव्हतं. आमच्या घरीसुद्धा ढग गडगडले की आई आधी मेन बंद करते. मलाच ते विचारायचं सुचलं नव्हतं. आता पानाच्या कोपऱ्यात 'सेव्ह'चं बारीक बटण दिसलं. मी दर वेळी नुसतं 'लागू करा' दाबत होते. तेवढ्याने सेटिंग वीज असेपर्यंतच टिकते. मी आधी जे डबे लावायचे ते आपोआप सेव्ह करायचे. मी सेव्ह दाबलं आणि भाऊंना मेन पाडून पुन्हा चालू करायला लावला. सात नंबर जागच्या जागी होता. दोन सेकंदांचं काम, आणि एका बाईची नोकरी गेली होती. मला स्वतःची लाज वाटली.

हॉस्पिटलच्या मॅनेजरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कशाला ओढवून घेता, मॅडम? यंत्रातला दोष, असं लिहा. मावशींना मी आत्ता बोलावतो."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मी तसंच लिहिलं.

अर्ध्या तासात मावशी आल्या. मॅनेजरनी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि उद्यापासून या म्हणाले. मावशींनी कागद उचलून सावकाश वाचला.

"यंत्राचा दोष. म्हणजे कुणाचाच नाय," त्या म्हणाल्या. "माझ्या टायमाला तर सफाई कर्मचारी लिवलं होतं. बाजारात माणसं इचारतात, मशीन कशी मोडलीस गो?"

मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. 'सेटिंग सेव्ह करायची माझ्याकडून राहिली. चूक माझी आहे.' खाली सही केली, या वेळी झोकाशिवाय.

मावशींनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. मग दोन बोटांनी तो मोठा करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचला.

"यात मी कुठंय?"

"मावशी, चूक माझी होती. तुमचं नाव कशाला घालायचं?"

"तुमची होती, ते वाचलं मी. माझी नव्हती, ते कुठं लिवलंय?"

मी तिसरा कागद घेतला. 'यात' असं लिहिलं आणि पेन थांबलं. मी त्या बाईवर आळ घेतला होता, पण मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मान वर न करताच मी ते विचारलं. त्यांनी नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, मला लिहिता येईल इतक्या हळू सांगितलं.