खुर्चीवरचा रुमाल

पाहुणे आले की बेळगाव दाखवायचं काम माझ्याकडं. किल्ला, किल्ल्यातलं जुनं जैन देऊळ, कमल बस्ती, राजहंसगडावरचा वारा आणि परत जाताना अर्धा किलो कुंदा. जेवायला मात्र आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या आवडीच्या त्या खानावळीत मी कुणाला नेत नव्हते.

यंदा पुण्याहून थोरली बहीण आली, दाजींना घेऊन. आक्कापुढं माझं काय चालतंय! "मटण खाईन तर तिथंच," म्हणाली.

"लई गर्दी असते गं."

"मग तू हाईस की जागा धरायला!"

ती सहज बोलली.

त्या खानावळीत रविवारी दुपारी नंबर नसतो. खुर्चीवर रुमाल पडला की जागा तुमची, मग तिला कुणी हात लावायचा नाही. माझं तोंड फटकळ, म्हणून आप्पा मलाच पुढं पाठवायचे.

त्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघंच होतो. कमल बस्तीत ते दगडी कट्ट्यावर बसले. म्हणाले, "तू हो पुढं, जागा धर. मी येतो रिक्षानं." कपाळावर घाम होता. बस्तीत एवढा गारवा, आणि घाम! मी तो बघितला आणि तरी स्कूटर काढली, कारण मला भूक लागली होती. शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून अर्धा तास लोकांशी भांडले. "येणार हाईत, सांगितलं न्हवं एकदा?" आप्पा तेव्हा खांबाला टेकून, मान मागं टाकून बसलेले. छतातलं दगडी कमळ बघायला सगळेच तशी मान टाकतात. ते गेलेत हे कुणाला कळलंच नाही.

आक्काला मी सांगितलं, चांगले हसत होते, काही म्हणजे काही त्रास नव्हता. तिनं ते पदरात बांधून ठेवलंय. येईल त्याला सांगते, "आमचे आप्पा हसत गेले."

तेव्हापासून बस्तीत मी वर बघत नाही. पाहुणे मान वर करतात, मी त्यांची छाती हलते का ते बघते. यंदा दाजी जरा जास्तच वेळ बघत राहिले, तर मी त्यांना दंडाला धरून ओढलं. बिचारे दचकले.

खानावळीत चार खुर्च्यांचं टेबल मिळालं. आम्ही तिघं बसलो, आणि माझ्या हातानं चौथ्या खुर्चीवर रुमाल टाकला. मला न विचारता.

एक म्हातारे गृहस्थ आले. "बाई, हितं कोण हाय का?"

"येणार हाईत," मी म्हटलं.

ते मुकाट्यानं भिंतीला टेकून उभे राहिले. आक्काचा घास हातातच राहिला. "कोण येणार हाय गं?"

म्हाताऱ्यांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. घाम आलेला. मी उठले, रुमाल उचलला. "बसा, काका."

"ते आले तर उठतो हां मी."

"न्हाय येत ते आता. तुम्ही निवांत जेवा."

मग मी आक्काकडं वळले. "आक्का, आप्पा हसत नव्हते गं. घामानं भिजले होते. मी बघितलं होतं, आणि जागा धरायला आले."