खंडेनवमीचा पासवर्ड

आमच्या शिवणखोलीतल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड वर्षातून एकदाच बदलतो, खंडेनवमीला. मशिनी पुसून, तेल घालून, हळदीकुंकू लावून झालं की मी कॉम्प्युटरसमोर बसते, नवा पासवर्ड टाकते, तो बंद करते आणि मग त्याच्यावर झेंडूचा हार घालते. ही पद्धत मीच पाडली. हत्यारांचा दिवस असतो, कॉम्प्युटरचंही त्याच दिवशी उरकलं की लक्षात राहतं. त्यानंतर दसरा होईपर्यंत कुणी कशालाही हात लावत नाही.

या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार बाजूला केला, बटण दाबलं आणि पासवर्डच्या चौकटीसमोर माझी बोटं थांबली.

गेल्या वर्षीचा आठवला. त्याच्या आधीचाही आठवला. दोन्ही टाकून पाहिले. यंदाचा मात्र कुठेच नव्हता. विसरलेलं नाव कसं ओठांवर येतं, निसटतं, परत येतं. इथे तसलं काही होत नव्हतं. पूजेच्या दिवशी मी या खुर्चीवर बसले असणार, कारण दरवर्षी बसते. बसल्याचं आठवत नव्हतं.

आम्ही गणवेश शिवतो. शाळांचं काम उन्हाळ्यात असतं, आणि दिवाळीच्या आधी चिंचोळीच्या एका कारखान्याचं येतं. माझा मुलगा तिथेच नोकरीला आहे. त्या कामगारांची मापं, कटिंगचे पॅटर्न, सगळं या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो उघडणारी ॲडमिनिस्ट्रेटर मी एकटी. तेही मीच ठरवलेलं. किल्ली दोघींच्या हातात गेली की हरवली कुणी हे कळत नाही, असं माझं मत होतं.

कटिंगवाली बाई दारात येऊन उभी राहिली. ‘‘ताई, कापड हातरून बसलेय की मगापासून. कापू का नको?’’

‘‘थांब जरा.’’

‘‘थांबते की. पण तुमी कवा कुणाला थांब म्हणत न्हाय, म्हणून इचारलं,’’ ती हसत म्हणाली आणि गेली.

माझी आई अशीच थांबायला लागली होती. अक्कलकोटच्या घराच्या दारात कुलूप हातात घेऊन उभी राहायची, आणि ते लावायचं होतं की काढायचं हे तिला सुचायचं नाही. आज माझं जे वय आहे, त्याहून ती तेव्हा फार मोठी नव्हती. आम्ही भावंडं हसायचो. मग हसणं बंद झालं. शेवटी मी तिला सोलापूरला आणलं. ती याच खोलीत गेली. तिची कॉट होती तिथे आता इंटरलॉकचं मशीन आहे.

सुनेला एवढंच सांगितलं, ‘‘पासवर्ड घेत नाहीये. दुरुस्तीवाल्याला बोलाव.’’

माझी सून मला आत्या म्हणते. शिवणखोलीचा हिशेब आणि फोन तिच्याकडे असतात. तिने काही विचारलं नाही, लगेच फोन लावला. इतर वेळी ती प्रत्येक गोष्टीला चार प्रश्न विचारते.

दुरुस्तीवाला पोट सुटलेला, गप्पिष्ट माणूस. आल्या आल्या म्हणाला, ‘‘मॅडम, टेन्शन घ्यायचं नाही. दसरा झाला की माझी हीच कामं. पूजेआधी लोक नवा पासवर्ड टाकतात आणि मशीन बंद. वापरलाच नाही तर डोक्यात बसणार कसा? मागं एक डॉक्टर होते. पेशंट बाहेर बसलेले आणि ह्यांचा कॉम्प्युटर ह्यांनाच ओळखेना!’’

मी हसले. सगळ्यांचंच होतं तर. मी त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितला, साखर जास्त.

त्याने बॅगेतून पेनड्राइव्ह काढला. ‘‘ह्याच्यावरून चालू करतो आणि जुना पासवर्ड पुसून टाकतो. फायलींना काही होत नाही सहसा. पण थांबा, आधी हिंट बघू.’’

‘‘कसली हिंट?’’

‘‘तुमीच लिहिलेली असणार की. चुकीचा टाकला की खाली येते बघा.’’

सकाळपासून ती बारीक ओळ खाली उमटत होती. मला ती मशीनचीच काहीतरी कटकट वाटली होती. मी चष्मा लावून वाकले. इंग्रजी अक्षरांत मराठी, माझी नेहमीची पद्धत. लिहिलं होतं : आई शेवटी मारायची ती हाक.

‘‘झालं की मग!’’ दुरुस्तीवाला म्हणाला. ‘‘टाका. मी तिकडं बघतो.’’ आणि खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी की-बोर्डवर हात ठेवले. आई मला माझ्याच नावाने हाक मारायची. शेवटी काही निराळं म्हणायची? ते नाव आठवत नव्हतं ही गोष्ट वेगळी. असं काही नाव होतं, हेच मला नवीन होतं. आणि ओळ तर माझ्याच हातची.

भिंतीकडे बघून दुरुस्तीवाल्याची मान दुखायला लागली असावी. तो खाकरला.

‘‘आत्या,’’ सून हळूच म्हणाली, ‘‘मी टाकू?’’

‘‘तुला काय माहीत?’’

‘‘तुम्हीच सांगितलंय. आजी शेवटी तुम्हाला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या. लहानपणीच वारली होती ना ती. आणि तुम्ही ओ द्यायचा.’’

‘‘कधी सांगितलं मी?’’

ती काढून ठेवलेल्या हाराचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. ‘‘पूजेच्या दिवशी. कणीक मळत होता.’’

‘‘एकदा सांगितलेलं बरं लक्षात राहिलं तुझ्या.’’

‘‘एकदा नाही, आत्या.’’

दुरुस्तीवाला चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर गेला. शहाणा माणूस.

‘‘प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगता,’’ ती म्हणाली. ‘‘मीपण तसंच ऐकते.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘उन्हाळ्यात शाळांची घाई चालली होती ना, तेव्हापासून.’’

‘‘तुझ्या नवऱ्याला माहीत आहे?’’

‘‘हो. दिवाळी झाली की डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं होतं आम्ही. आधी तुमच्याशी बोलणार होतो.’’

मी खुर्चीवरून उठले. ती बसली. तिने ते नाव तोंडाने उच्चारलं नाही, मीही विचारलं नाही. चौकटीत नुसते काळे ठिपके पडत गेले. मग कॉम्प्युटर उघडला, रोज उघडतो तसा.

दुरुस्तीवाला आत आला आणि खूश होऊन पेनड्राइव्ह बॅगेत टाकू लागला. ‘‘वाचला की, मॅडम! काही पुसावं लागलं नाही.’’

‘‘बसा,’’ मी म्हटलं. ‘‘आणखी एक ॲडमिनिस्ट्रेटर करा. हिच्या नावाने.’’

‘‘दोन असलेले बरे. एक विसरला तर...’’

‘‘दोन नकोत. माझं साधं करा. उघडता यावं, बघता यावं. बदलता येऊ नये काही.’’

त्याने सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘आत्या, एवढ्यात कशाला? दिवाळीनंतर बघू.’’

‘‘दिवाळीनंतर तू काय विचारते आहेस ते मला कळेल, याची खात्री आहे तुला?’’

तिने दुरुस्तीवाल्याकडे बघून मान हलवली. दुरुस्तीवाल्याने कामाला सुरुवात केली. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी तिकडे पाठ केली. समोर इंटरलॉकचं मशीन होतं, त्याच्यावरचं कुंकू अजून ओलं असल्यासारखं लाल. पाठीमागे बटणांचा आवाज येत राहिला. बराच मोठा पासवर्ड ठेवला तिने.

‘‘हिंट काय लिहायची, वहिनी?’’ दुरुस्तीवाल्याने विचारलं.

बटणांचा आवाज थांबला.

‘‘रिकामी राहू दे,’’ सून म्हणाली.

तेवढ्यात कटिंगवाली पुन्हा दारात आली. हातात कात्री होती. ‘‘ताई, आता कापू का?’’

मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

‘‘तिला विचार,’’ मी म्हणाले.