बोरन्हाणानंतर

लेक झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. ती दीड महिन्याची असताना कळलं की तिच्या हृदयातल्या पडद्याला भोक आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. रक्त नको तितकं फुप्फुसांत जातं, म्हणून ती दूध पिताना घामानं निथळते आणि अर्ध्यावर दमून झोपते. ऑपरेशन करायचं, पण आधी वजन पाच किलो होऊ द्या, आणि तोवर सर्दी होऊ देऊ नका. दुसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

देवासला आमच्या क्वार्टरमध्ये मग वजन आणि सर्दी एवढेच विषय राहिले. दूध थोडं थोडं, पण सारखं पाजायचं. कामवाली शिंकली की तिला सुट्टी. शेजारणी दारातूनच बोलायच्या. त्यातली एक म्हणाली, "भाभी, आपने तो घर में कर्फ्यू लगा दिया." मी म्हटलं, हो, लगा दिया.

वजन साडेचारच्या वर गेलं आणि संक्रांत आली. धारहून सासूबाईंचा फोन. धारचं सासर जुनं, दरबारी. तिथं एकही रीत सुटत नाही. पहिल्या वर्षीचं बोरन्हाण व्हायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. आमचे हे म्हणाले, तासाभराचं तर काम आहे. मग मामंजींनी फोन घेतला. सासरे स्वतः फोनवर आले की त्या घरात विषय संपतो. मी अटी घातल्या: खोकणारं मूल नको, लेकीला कुणी उचलायचं नाही, पापे घ्यायचे नाहीत.

"अगं, बाहेरचं कोण येतंय?" सासूबाई म्हणाल्या. "सगळी घरचीच मुलं."

त्यांच्या हिशेबी रोग बाहेरून येतो. घरच्या माणसांना होते ती फक्त थंडी बाधते.

लेकीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातले. मी तिला मांडीवर घेऊन पाटावर बसले. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे ओतले आणि वेचायला मुलं तुटून पडली. माझ्या धाकट्या दिरांची सहा वर्षांची मुलगी सर्वांत पुढे होती. ती खोकली. एकदा, मग पुन्हा, खोल.

"ही खोकतेय," मी म्हटलं.

"सकाळपासून बोरं खातेय," सासूबाई म्हणाल्या. "बोरांचा खोकला तो. तू पण ना, वहम करतेस नुसता."

मी उठेपर्यंत ती पोर माझ्या मांडीतलं बोर उचलायला वाकली होती आणि "छोटी, मेरी छोटी" करत तिनं लेकीच्या गालावर नाक घासलं होतं. मी त्याच दुपारी देवासला निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, "फार शिकलेल्या ना आमच्या वहिनी."

दोन-तीन दिवसांनी लेकीचं नाक वाहू लागलं. मग खोकला. मग तिनं दूध सोडलं. तोंडात घ्यायची, दोन घोट ओढायची आणि श्वासासाठी सोडून द्यायची. झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला फासळ्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या, मान हलत होती. मी यांना कारखान्यातून बोलावून घेतलं आणि रिक्षा थांबवली.

देवासच्या डॉक्टरांनी छाती ऐकली, बोटाला मशीन लावलं आणि ऑक्सिजन सुरू केला. मला म्हणाले, "मैडम, सीधी बात करूँ? यह दिल के साथ यह निमोनिया, मैं यहाँ नहीं रखूँगा. इंदौर ले जाइए, अभी."

अँब्युलन्समध्ये तिच्या तोंडावर मास्क मी धरला होता. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. एका चौकात ट्रक आडवा उभा. ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "अरे भिया, सरका ले! बच्चा है अंदर!" लेकीचे ओठ जांभळट झाले होते. रडायचीसुद्धा थांबली होती. रडत होती तोवर मला धीर होता. मला देव आठवत नव्हता, स्तोत्र आठवत नव्हतं. मी तिच्या छातीवर हात ठेवून नुसतं म्हणत होते, घे. अजून एक घे. आता हा घे. एखादा श्वास उशिरानं आला की माझाही अडकायचा.

इंदूरला तिला आयसीयूत नेलं आणि नाकात जोरानं हवा सोडणारं यंत्र लावलं. दूध बंद, फक्त सलाईन. चार-पाच महिने थेंबाथेंबानं चढवलेलं वजन उतरू लागलं. डॉक्टर म्हणाले, "थकली तर व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. आणि अशा हृदयाला त्यावरून काढणं सोपं नसतं. दोन दिवस काहीच सांगू शकत नाही." मी विचारलं, थकतेय हे कसं कळेल? म्हणाले, "आत्ता झगडतेय. झगडायची थांबली की."

मी काचेपाशी उभी राहून ती झगडतेय ना, हे बघत होते. आई म्हणून एवढंच काम उरलं होतं, आणि ते कुणीही केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. धारहून बसनं, एकट्या. बाहेरच्या बाकाशी उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

"मला बोल," त्या म्हणाल्या. "चारचौघांत बोल. पण बोल."

माझ्याकडे बोलण्यासारखं खूप होतं. धार ते इंदूर त्यांनी ते सगळं स्वतःच बोलून घेतलेलं दिसत होतं. मला दूध काढायचं होतं. तिचं पिणं बंद असलं तरी ते आटू द्यायचं नव्हतं.

"आईसाहेब, पदर धरा जरा आडोशाला," मी म्हटलं.

त्यांनी धरला. पदर जरासुद्धा खाली येऊ दिला नाही.

ती झगडायची थांबली नाही. व्हेंटिलेटर लागला नाही. हवेचा जोर हळूहळू कमी केला, नळीतून दूध सुरू केलं, आणि एका सकाळी नर्सनं तिला माझ्या छातीशी दिलं. तिनं चार घोट घेतले, घामानं भिजली आणि झोपली.

वजन केलं तर पाव किलोहून जास्त गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आता महिना-दीड महिना पुढे. फुप्फुसं बरी होऊ देत, वजन पुन्हा चढवा. मी विचारलं, त्यात परत संसर्ग झाला तर? घरात बाहेरचं कुणी येऊ देऊ नका, एवढंच म्हणाले.

"घरचं पण नको," सासूबाई माझ्याआधी म्हणाल्या. मग पिशवी उचलली. "मी संध्याकाळच्या बसनं जाते."

"तुम्हाला खोकला आहे?"

"नाही."

"सर्दी? घसा?"

"नाही गं."

"मग देवासला चला," मी म्हटलं. "तिला दर दोन तासांनी पाजायचंय, आणि मला झोप हवी आहे."