अण्णांनी हातानं पिळलेली वायर

अण्णा गेले. मला वाईट वाटलं नाही.

सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "काकू, तुम्ही फेसबुकवर छान लिहिता. अण्णांवर चार शब्द टाका ना."

टाकते. छान होतील याची गॅरंटी नाही.

अण्णा म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. फौजेतून रिटायर झालेले. सांगलीत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. समोरचा बहिरा आहे असं धरूनच बोलायचे.

सत्तरचं दशक. आमच्या ह्यांची साताऱ्यात टॅक्सी होती. शेती नाही, नोकरी नाही, घर त्या एका गाडीवर चालायचं.

महाबळेश्वरच्या गिऱ्हाइकांना गाडीत टेप हवा असायचा. ह्यांनी टेप घेतला, त्याला शोभेल असा छोटा ॲम्प्लिफायर बघून ठेवला.

अण्णा बघून हसले. "ह्यो काय डासाचा आवाज काढतोय? माझा लग्नातला लाव."

लग्नातला म्हणजे मांडवात वाजणारा, बॅटरीवर चालणारा भला मोठा धोंडा.

हे म्हणाले, "आण्णा, त्यो लय करंट खातोय. मग वायर तरी जाड टाका. सरळ बॅटरीवरनं, अन् बॅटरीपाशीच फ्यूज घाला."

"मग फौजेत मी काय बटाटं सोलत हुतो व्हय?"

विषय संपला.

आणि दिवस कोणता, तर खंडेनवमी. पक्कड, पाने, स्क्रूड्रायव्हर, सगळं धुऊन हळदकुंकू लावून पाटावर पुजलेलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो.

मी म्हटलं, "आवं भावजी, मग दसरा झाल्यावर करा की."

"सुमन, तू च्या टाक."

कारण अण्णा टॅक्सी स्टँडवर सगळ्यांना सांगून बसले होते, दसऱ्याला वसंताची गाडी वाजणार म्हणून.

मग त्यांनी हत्यारांचा मान राखला. बल्बची बारीक वायर घेतली, दातानं सोलली, बोटांनी पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली. फ्यूज बसवायला स्क्रू आवळावे लागतात, म्हणून फ्यूज नाही.

ह्यांनी दोनदा तोंड उघडलं. थोरल्या भावापुढं आमच्या घरात ते उघडून मिटायचंच असतं.

दसऱ्याला केळघरच्या घाटात तो पीळ सुटला. वायरीचं उघडं टोक बॉडीला टेकलं आणि अख्खी वायर लालभडक झाली. ह्यांनी आधी गिऱ्हाइकं उतरवली. मग बॉनेट उघडलं आणि ती वायर उजव्या हातानं ओढून काढली.

गाडी वाचली. हात नाही.

बोटं तळव्याला आखडली ती कायमची. स्टेअरिंग धरता येईना. गाडी विकली, आणि हे त्याच स्टँडवर दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लावत बसले.

अण्णा दवाखान्यात आले होते. "चुकलं" एवढा एक शब्द हवा होता. मला नाही, ह्यांना. दाराकडं बघत पडून राहायचे बिचारे.

अण्णा म्हणाले, "गाडीची पूजा नीट झाली नसंल."

पुढं दरवर्षी दसऱ्याला सोनं द्यायला यायचे. हे डावा हात पुढं करायचे.

"उजवा कर रं वसंता. डाव्या हातानं सोनं घेत न्हाईत."

टोमणा नव्हता तो. ते खरंच विसरले होते. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे.

हे ती मिटलेली मूठ पुढं करायचे. अण्णा तिच्यावर आपट्याचं पान ठेवायचे. पान खाली पडायचं. मी उचलायची.

हे तो शब्द न ऐकताच गेले. आज अण्णाही गेले. आता तो म्हणणारं कोणी उरलं नाही.

बाळा, तू वाचतोयस ना? तुझा काही दोष नाही. पण मी दहाव्याला येणार नाही.

श्रद्धांजलीच्या आधी भावपूर्ण लिहायची पद्धत आहे, तर लिहिते. राग हासुद्धा भावच, आणि तो माझ्याजवळ अजून पूर्ण आहे.

या आता, भावजी.