आडावर पडलेली मावशी

मेडिकलला असताना आमच्या सरांचं एक संशोधन चालू होतं. दवाखान्यातून घरी गेलेले पेशंट वर्षभरानं कसे आहेत, ते गावोगावी जाऊन विचारायचं. अपघातातले जायबंदी माझ्या मैत्रिणीकडे आले, कॅन्सरचे माझ्याकडे. जिचं काम चांगलं होईल तिला सर पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायला नेणार होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला पुण्याला जायचं होतं.

मैत्रीण लातूरच्या डॉक्टरांची मुलगी. दुष्काळामुळे आटलेल्या विहिरी खोल करताना पडलेली, टँकरखाली सापडलेली माणसं तिला भेटत, पायातला रॉड दाखवत, चहा पाजत. उदगीर जिल्हा होणार की नाही यावर एका पेशंटनं तिच्याशी वाद घातला, हे तिनं हॉस्टेलवर नक्कल करून सांगितलं. सगळ्या हसल्या. मला मात्र कुणी दारात बस असंही म्हणत नव्हतं.

शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात मी पांढरा कोट घालूनच उतरले. टँकरभोवती बायकांची गर्दी होती. तिथंच विचारलं, "कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या एक मावशी आहेत ना इथं?"

मी नाव सांगणार, तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "तसलं कुनी न्हाई हितं. गावात लेकी लग्नाच्या हायत, बाई. जा तू."

पुढच्या आठवड्यात मैत्रीण त्याच गावात गेली, साध्या ड्रेसवर. पडून लागलेलं कुणी आहे का, एवढंच तिनं विचारलं. लोकांनी तिला आडावर पडून हात सुजलेल्या मावशींकडे नेलं. दार लावल्यावर मावशींनी पदर बाजूला केला. छातीवर ऑपरेशनची खूण होती. हात त्या ऑपरेशननंच सुजला होता; पडल्याचं घरच्यांनी गावाला नुसतं सांगितलं होतं.

"तुझ्याच मावशी गं," मैत्रीण म्हणाली. "सगळं लिहून आणलंय. घे."

मावशी जगल्या होत्या, जेवत होत्या, रानातही जात होत्या. मला बरं वाटायला हवं होतं. पण डोक्यात एकच होतं, हिलाच कसं सांगितलं? खेड्यातली मी. माझ्या आत्याला गाठ होती तेव्हा आम्हीही गावाला मुतखडा सांगितला होता. हे मला कळायला हवं होतं, तिला नाही.

"नको," मी म्हणाले. "माझं मी विचारीन."

या वेळी कोट न घालता गेले. मावशींनी दार उघडलं.

"त्या पोरीची मैतरीण का तू? लई गुनाची लेक. ती न्हाई आली?"

"नाही. मीच आले."

"तिला सांगितलंय की समदं. तिच्याकडून घे की."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय मावशी."

त्यांनी सांगितलं, पण थोडक्यात. मैत्रिणीजवळ म्हणे त्या रडल्याही होत्या.

कॅन्सर झाकायला घरं अपघात सांगतात, हे सरांना फार महत्त्वाचं वाटलं, आणि ते तिनं आणलं होतं. पुण्याला तीच गेली. सकाळी स्टँडवर मी तिची बॅग वर चढवून दिली. "तुझंही नाव घातलंय निबंधात," ती खिडकीतून म्हणाली, "माझ्या खालोखाल." मी हसले. बस सुटल्यावर तो 'खालोखाल' मला हॉस्टेलपर्यंत पुरला.