जुन्या पायथनला निरोप

ताईने शाळेतली गणिताची नोकरी सोडली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. तिच्या दादाला जन्मापासून दिसत नाही. तो ब्रेल पुस्तकांचा छापखाना चालवतो आणि साधा मजकूर ब्रेलमध्ये उतरवणारं धड सॉफ्टवेअर त्याला मिळत नव्हतं. ताई जेवणाच्या टेबलाशी बसून पायथन ही संगणकाची भाषा शिकली आणि तिने ते स्वतःच लिहिलं. कुणालाही फुकट वापरता यावं म्हणून सगळा कोड इंटरनेटवर खुला ठेवला. अशा तयार कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात; आज कुठकुठले छापखाने तिच्या या लायब्ररीवर चालतात.

एकदा व्हिडिओ कॉलवर तिच्या सहकाऱ्याने, सगळे ज्याला दाढी म्हणतात त्याने, विषय काढला. "पायथनची ३.७ ही जुनी आवृत्ती सोडून देऊ या. ते बनवणाऱ्यांनीच त्याची देखभाल थांबवलीय. त्याच्यापायी आपलं गणिताच्या चिन्हांचं काम रखडलंय."

पटत होतं, पण ताईच्या तोंडून 'हो' निघेना. दादाचा संगणक नेमका ३.७ वरच चालायचा. त्याचं छपाईयंत्र नव्या संगणकाला दाद देत नव्हतं.

महिनाभर तिने चालढकल केली. शेवटी छापखान्यात जाऊन दादाला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवलंयस?" दादा म्हणाला.

"तुझं काम बंद पडलं तर?"

"माझं मी बघीन. आणि माझ्यासारखे आणखी असतील, त्यांचं काय करणार आहेस?"

हा प्रश्न मात्र ताईच्या डोक्यात बसला. तिने ठरवलं, लायब्ररीची नवी आवृत्ती फक्त नव्या पायथनवर चालेल. जुन्यावर चालणारी शेवटची आवृत्ती मात्र तशीच जपून ठेवायची. नव्या आवृत्तीत कमीत कमी कुठलं पायथन लागेल ते नोंदवलं, की जुना संगणक आपोआप आपल्याला झेपेल तीच आवृत्ती उचलतो. उचलतो असं म्हणतात खरं, पण ताईला ते स्वतः बघायचं होतं.

नवी आवृत्ती बाहेर पडली त्या दिवशी तिने दादाच्या संगणकावरची लायब्ररी काढून टाकली आणि पुन्हा मागवली. पडद्यावर येणारी एकेक ओळ ती वाचत राहिली. जुनी आवृत्ती निमूटपणे येऊन बसली. यंत्र खडखडायला लागलं.

पहिलं पान तिने नव्या आवृत्तीच्या आपल्या घोषणेचंच काढलं. दादाने त्यावरून बोटं फिरवली.

"'आता गणितही ब्रेलमध्ये,'" तो वाचत म्हणाला. "हे माझ्या यंत्रावर नाही ना येणार?"

"नाही."

"मग यंत्र बदलायला हवं. तू थांबली असतीस तर मी कधीच बदललं नसतं."

तेवढ्यात पुस्तकं न्यायला अंधशाळेतल्या बाई आल्या. दादाने ते पान त्यांच्या हातात दिलं. "ही माझी धाकटी बहीण. कुठल्या पायथनवर चालायचं, ते आम्हा सगळ्या छापखान्यांना हीच सांगते."

ताईचे कान तापले. पण या वेळी तिने नेहमीसारखं 'छे, माझं कसलं' असं म्हटलं नाही. बाईंना खुर्ची दिली आणि गणिताचं पहिलं पुस्तक कुठल्या इयत्तेचं हवंय, ते विचारलं.