मारुतीचे तेल आणि दामूचे गॅरेज

चहा घ्या, आणि हसायचे असेल तर मध्येच हसून घ्या. कारण या किश्श्याच्या शेवटी सगळे माझे कौतुक करतात, आणि तेच मला सोसत नाही.

सत्तरचे दशक सरत आले होते. आमच्या बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावच्या शाळेत मी शिकवीत असे, आणि गावात मोटार चालवणारी बाई मी एकटीच! मग अभिमान किती असावा? त्या भरातच एके दिवशी माझ्या घराच्या अंगणात वळले आणि मोटारीचे तोंड थेट तिथल्या मारुतीच्या चौथऱ्यावर चढवले. वर लाल झेंडा थरथरला. खाली इंजिनाची तेलाची टाकी फुटली.

साक्षीदार कोण? एकटा मारुती. तो बोलणार नाही, हे जाणून मी गावाला सांगितले, "रस्त्यात दगड लागला."

मोटार दुरुस्तीला दामूकडे दिली. दामू माझाच जुना विद्यार्थी. उसाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली त्याने नुकतेच गॅरेज काढले होते. घरात नवी नवरी, आणि गावाचा विश्वास एवढेच भांडवल. त्याने नवी टाकी बसवली, नवे तेल भरले. इकडे मी गुपचूप मारुतीपुढे नाक घासले: "चूक पोटात घाल. पाच शनिवार तांब्याभर मोहरीचे तेल वाहीन."

पहिल्या शनिवारी तेल वाहिले. रविवारी पाहते तर काय? अंगणात उभ्या मोटारीखाली, नेमके इंजिनाच्या खाली, सोनेरी तेलाचे थारोळे!

दामूला बोलावले. तो पाठीवर सरपटत मोटारीखाली शिरला.

"मिस, खाली सगळा सुका हाय."

"सगळे सुके आहे, असे म्हण. आणि हे काय सांडले आहे? पंचामृत?"

"मो पा कोने, मिस. मला ठाव नाय. पण टाकी गळत नाय."

"तेल म्हणते गळते, तू म्हणतोस गळत नाही! मी कोणावर विश्वास ठेवू?"

दुसऱ्या रविवारी पुन्हा थारोळे. त्याने टाकी उतरवून पुन्हा बसवली. तिसऱ्या रविवारी पुन्हा! मला शाळेतला दामू आठवला: घाईने उत्तर लिहिणारा, ताळा न करणारा. दोष त्याचाच, असे मी ठरवूनच टाकले.

आणि मी बोलले हो! बस थांब्यावर बोलले, दुकानात बोलले, संध्याकाळी मराठीचे वर्ग भरतात त्या बैठकेत तर फळ्यापुढे उभी राहून बोलले: "दामूच्या हाताला शिस्त नाही." आता मिसने म्हटले म्हणजे संपलेच की! लोक आपल्या मोटारी दुरुस्तीला सांत्र द फ्लाक शहरात नेऊ लागले.

चौथ्या रविवारी दामू न बोलावता आला. चेहरा उतरलेला. त्याने थारोळ्यात बोट बुडवले, हुंगले, आणि चाटले.

"मिस, हे इंजिनाचा तेल नाय. हे लोणच्याचा, मोहरीचा तेल हाय."

मी हसणार होते. पण तो गुडघ्यांवर रांगत, ओला माग काढत, मारुतीच्या चौथऱ्यापर्यंत गेला. चौथऱ्याला तळाशी बोटभर रुंद भेग होती. भेगेच्या काठाला माझ्या मोटारीचा निळा रंग लागला होता. वर मी वाहिलेले तेल त्या भेगेतून झिरपत, उतारावरून मोटारीखाली जमत होते!

दामूने रंगावरून बोट फिरवले. "मिस, तुम्हाला लागला तो दगड हाच काय?"

तीस वर्षे मी मुलांना गप्प केले. त्या सकाळी एका मुलाने मला केले.

तो घरी गेला, सिमेंट घेऊन आला, आणि भेग बुजवली.

त्याच संध्याकाळी मी बैठकेत उभी राहिले. चौथरा, भेग, नवस, खोटा दगड, सगळे क्रमाने सांगितले. म्हटले, "दामूचे काम निर्दोष होते. दोष माझा."

मग शेजारच्या सुभद्राकाकींनी डोळ्यांना पदर लावला.

"आयो, पोरासाठी मिसनं सगळा आपल्या अंगावर घेतला!"

"नाही हो काकी, हेच खरे आहे!"

"असूं दे, असूं दे. मिस कधी खांबाला तरी धडकतील काय? त्या तर वही पण वाकडी ठेवत नायत!"

मी शपथ घेतली. मी सर्वांना चौथरा पाहायला बोलावले. लोक आले, मारुतीला नमस्कार केला, आणि म्हणाले, "किती छान सिमेंट लावलंय!"

दामूकडे गिऱ्हाईक काही परतले नाही. पुढच्या ऊसतोडणीच्या आत त्याने गॅरेजचे पत्रे उतरवले आणि साखर कारखान्यात कामाला लागला. चौथऱ्यातून मात्र पाचव्या शनिवारपासून आजपर्यंत एक थेंबही झिरपलेला नाही.

अजूनही गावात कोणी म्हणते, "मिसचं मन केवढा मोठा!" मी लाजेने मान खाली घालते.

"आणि बघा," ते शेजारच्याला सांगतात, "गर्व कसा तो नाय!"